वळून पाहण्याची गोष्ट : आर. के. फिल्म्सची वाटचाल

आपल्याकडच्या जुन्या चित्रसंस्थांची बोधचिन्हं आठवून पाहा. प्रभातची तुतारी फुंकणारी ललना, राजकमलची कमळातून फुलं उधळणारी, मेहबूबचा विळा-हातोडा. प्रत्येकाला पडदा उघडताच काहीतरी घोषणा करायची आहे. आर. के. फिल्म्सचं चिन्ह तसं नाही. एका हातात व्हायोलिन धरलेला तरुण, त्याच्या दुसऱ्या हातावर मागे रेललेली तरुणी, बस्स. हे चिन्ह कुणा कलाकारानं कल्पनेतून रचलेलं नाही. ते 'बरसात'मधल्या एका प्रसंगावरून घेतलं आहे. संस्थेची ओळखच अशी एका प्रेमप्रसंगातून, तीही वाद्य हातात असतानाच्या, उचललेली. पुढची पन्नास वर्षं या संस्थेनं जे केलं त्याचं बीज त्या एका चित्रात आहे. इथे प्रेम संवादात जमत नाही, ते वाद्य वाजलं की जमतं.

राज कपूरनं १९४८ साली 'आग' काढला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि संस्थेला स्वतःचं छप्पर नव्हतं. त्या चित्रपटाला राम गांगुलींचं संगीत होतं. गाणी बरी होती, पण ती कथेला टेकून उभी होती, कथा त्यांच्यावर उभी नव्हती. बदल झाला तो पुढच्याच वर्षी, 'बरसात'मध्ये. पृथ्वी थिएटरमध्ये तबल्यावर बसणारा शंकर आणि पेटीवर बसणारा जयकिशन या दोन पोरांच्या हाती राज कपूरनं सगळं संगीत सोपवलं. गाणी लिहायला घेतला हसरत जयपुरी. तो मुंबईत बस कंडक्टरची नोकरी करत होता. दुसरा शैलेंद्र, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधला. एका कविसंमेलनात त्याची कविता ऐकून राज कपूरनं त्याला बोलावलं, तेव्हा 'कविता विकायची नाही' असं सांगून हा मोकळा झाला होता. पुढे घरची गरज निघाली आणि पठ्ठ्या स्वतःहून आला. वादक, कंडक्टर, कामगार. यातल्या एकाचंही नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. गाण्यातून प्रेमकथा पुढे सरकवायची तर कवी, संगीतकार आणि दिग्दर्शक एकाच खोलीत रोज उठले-बसले पाहिजेत, आणि नाव झालेली माणसं तशी बसत नाहीत. आर. के.ची पहिली खरी गुंतवणूक जमिनीत नव्हती, या बैठकीत होती.

'बरसात'मध्ये नर्गिसची रेश्मा नायकाच्या व्हायोलिनच्या सुरामागे धावत येते. आज पाहताना हा प्रसंग थोडा भाबडा वाटतो, हे कबूल करायला हवं. पण त्यात एक सोय दिग्दर्शकाला सापडली होती. दोन माणसांमधलं अंतर कमी होताना दाखवायचं तर संवाद लांबतात. सूर वाजला की बाई थेट धावत सुटते आणि प्रेक्षकाला कारण विचारावंसं वाटत नाही.

'बरसात'च्या कमाईतून चेंबूरला स्टुडिओ उभा राहिला. त्या वेळी चेंबूर म्हणजे मुंबईच्या वेशीबाहेरचं गाव. स्टुडिओच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे 'आवारा'मधलं (१९५१) ते स्वप्नदृश्य. ढगांतल्या पायऱ्या, खाली आगीचे लोळ, वर पांढऱ्या वेशातली नायिका रीटा. हा देखावा उभारला चित्रकार एम. आर. आचरेकरांनी. पडद्यावर जेमतेम नऊ मिनिटं, पण चित्रीकरण तीन महिने चाललं. त्यातल्या 'घर आया मेरा परदेसी'ची चाल इजिप्तच्या उम्म कुलसुमच्या एका गाण्यावरून सुचल्याचं जाणकार सांगतात, पण तिला आपलं केलं ते लाला गंगावणेंच्या ढोलकानं. तमाशाच्या फडातला हात अरबी चालीला लागला आणि चाल मुंबईची झाली. गंमत अशी की कथेत तोवर नायक राजनं रीटाला आपण चोर आहोत हे सांगितलेलं नाही. जे तो तोंडानं बोलू शकत नाही ते स्वप्नातल्या तीन तुकड्यांत येऊन जातं. आधी विरह, मग नरकातून सुटकेची याचना, मग घरी परतल्याचा आनंद. हे स्वप्न वगळून 'आवारा' पाहिला तर रीटानं त्याला का स्वीकारलं, याचं उत्तर पटकथेत फारसं सापडत नाही.

कथा ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे या जोडीची. साठे मराठी. त्यांचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं. याच दोघांनी पुढे 'श्री ४२०' लिहिला. आर. के.च्या वाटचालीत मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते इथे. मी हा चित्रपट पहिल्यांदा दूरदर्शनवर पाहिला, मधूनमधून मुंग्या येणाऱ्या पडद्यावर, आणि त्या वयात लक्षात राहिली ती फक्त छत्री. नंतर पुन्हा पाहताना कळलं की छत्री हा या प्रेमाचा मधला टप्पा आहे. आधी आणि नंतर गाण्यांनी केवढं काम केलंय, ते छत्रीच्या आड झाकलं गेलंय.

क्रमानं सांगतो. सुरुवातीला अलाहाबादहून मुंबईच्या रस्त्याला लागलेला राज एकटाच गातो. 'मेरा जूता है जापानी'मध्ये प्रेमाचा मागमूस नाही, आहे तो फक्त चालण्याचा उत्साह. आवाज मुकेशचा. मुंबईत शिरताच त्याला प्रामाणिकपणाबद्दल मिळालेलं पदक गहाण टाकावं लागतं आणि फुटपाथवर झोपायची वेळ येते. तिथे त्याला आसरा मिळतो तो केळेवाल्या गंगामाईचा. ही ललिता पवार. खाष्ट सासूच्या शिक्क्याहून वेगळी. दम देणारी, पण पोटात माया असलेली. तिची हिंदी कानावर आली की आपल्या दादरच्या बाजारातली बाई बोलतेय असं वाटतं.

नायिका विद्या (नर्गिस) शाळामास्तरीण. वडील खुर्चीला खिळलेले. प्रेमाचं पहिलं गाणं म्हणून 'इचक दाना' कुणी मोजत नाही, कारण ते पोरांना कोडी घालण्याचं गाणं आहे. कणसापासून मोरापर्यंतची कोडी विद्या घालते, पोरं उत्तरं देतात. राज मध्ये घुसतो आणि मुकेशच्या आवाजात स्वतःचं कोडं घालतो. इथे नीट पाहा. दोघांना अजून एकमेकांशी धड बोलता येत नाही, म्हणून ते पोरांमार्फत बोलतात. आपल्या घरांमध्येही नवं लग्न झालेलं जोडपं एकमेकांना नावानं हाक मारत नसे तेव्हा मधल्या लहान पोराला 'जा, सांग तुझ्या काकांना' म्हणत असे, तशातलाच हा प्रकार. कोडं घालणारी मास्तरीण आणि तिला कोड्यात पाडणारा बेकार, एवढ्यावरच नातं उभं राहतं.

मग पाऊस. रस्त्याकडेच्या टपरीवरचा चहा, किटलीची वाफ, आणि 'प्यार हुआ'. इथला आवाज मन्ना डे आणि लता. छत्री एक आहे आणि माणसं दोन. आधी छत्री तिच्या डोक्यावर जाते, मग त्याच्या, मग दोघांच्या मध्ये येते. संबंध गाणं या एका वस्तूच्या देवघेवीवर बेतलं आहे. प्रेमाची कबुली पहिल्याच शब्दांत देऊन टाकली आणि लगेच पुढे प्रश्न विचारला, की मग आता मन घाबरतं का? शैलेंद्रची ही खासियत. एरवी प्रेमगीत कबुलीपाशी संपतं. हे तिथे सुरू होतं आणि पुढच्या वाटेची भीती बोलून दाखवतं. याच गाण्यातल्या दहा दिशांवरून जयकिशननं तक्रार केल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. लोकांना चार दिशा माहीत, दहा कुठून काढल्या, असा त्याचा सवाल. शैलेंद्र ऐकला नाही. मराठी माणसाला वाद मुळातच कळायचा नाही. आपल्याकडे पोट माणसाला दाही दिशांनाच फिरवतं.

आणि मग ती तीन पोरं. रेनकोट घालून, हात धरून, पावसातून रस्ता ओलांडणारी. राज आणि विद्या त्यांच्याकडे पाहतात, आणि आपण राहणार नाही पण आपल्या खुणा राहतील अशा अर्थाचे शब्द येतात. ही राज कपूरची स्वतःची मुलं. रणधीर, रितू आणि सगळ्यात लहान ऋषी. पाऊस डोळ्यांत जाऊन ऋषी रडायला लागला तेव्हा नर्गिसनं चॉकलेट देऊन त्याला चालवलं. पुढच्या वाटचालीत हे पोर पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवावं.

यापुढे गाणी प्रेमाला तोडण्याच्या कामाला लागतात. माया नावाच्या बाईनं (नादिरा) राजला जुगाराच्या दुनियेत ओढलेलं असतं. दिवाळीच्या रात्री तो विद्याला साध्या साडीत त्या झगमगाटात घेऊन जातो, तिथे तिचा अपमान होतो आणि ती निघून जाते. राज तिच्यामागे निघतो. त्या क्षणी, अगदी त्या पावलावर, माया गायला लागते, 'मुड मुड के ना देख'. म्हणजे हे गाणं नाचगाण्याची सोय म्हणून आलेलं नाही, दरवाजाकडे निघालेल्या माणसाला थांबवायला आलेलं आहे. सुरुवात संथ, आशा भोसलेंच्या आवाजात, जवळजवळ कुजबुज. मग लय चढते, आणि मधेच गाणं राज उचलतो, मन्ना डेच्या आवाजात. हीच खरी मेख. आधी ती सांगत होती मागे पाहू नकोस, आता तो स्वतःच स्वतःला बजावतो आहे. माणूस फसला कधी, हे दाखवायला एकही संवाद लागला नाही. गाणं कुणाच्या तोंडी आहे एवढं बदललं, की काम झालं.

याचं उत्तर येतं ते 'ओ जानेवाले'मध्ये. भांडून निघालेल्या राजच्या पाठीकडे विद्या पाहते आहे. ती जागची हलत नाही. तिच्या देहातून तिचीच धूसर आकृती निघते आणि त्याला आळवते, मागे वळून पाहा. राधू कर्मकार यांनी दुहेरी छायाचित्रणानं ही युक्ती साधली आहे. स्वाभिमान उभा राहतो आणि मन धावतं, दोन्ही एकाच चौकटीत. एक बाई म्हणते वळू नकोस, दुसरी म्हणते वळून पाहा. सगळा चित्रपट या दोन वाक्यांमधल्या ओढाताणीवर उभा आहे आणि ती दोन्ही वाक्यं गाण्यांची आहेत. मला तरी आपल्या सिनेमात गाण्यानं गाण्याला दिलेलं इतकं नेमकं उत्तर दुसरं आठवत नाही. संगीत नाटकांत असे जबाब असत, पदाला पद. ती सवय इथे पडद्यावर उतरली असावी.

मग फुटपाथवरची रात्र आणि 'रमय्या वस्तावय्या'. 'रमय्या, येशील का?' असा त्या तेलुगू शब्दांचा अर्थ. खंडाळ्याच्या वाटेवरच्या खानावळीत काम करणाऱ्या एका तेलुगू पोराला मारलेल्या हाकेवरून शंकरनं ही ओळ उचलली असं सांगतात. तो हैदराबादेत वाढलेला, त्यामुळे तेलुगू त्याच्या ओठांवर होतीच. फुटपाथची माणसं रफीच्या आवाजात नाचतात, विद्या लताच्या आवाजात दुःख सांगते, आणि झगमगाटाला विटून परतलेला राज शेवटी गातो तेव्हा आवाज मुकेशचा असतो. क्लबात मन्ना डे, परतताना मुकेश. याचा नियम करून ताणू नये, कारण छत्रीचं गाणंही मन्ना डेचंच आहे. तरीही ज्या आवाजात हा माणूस मुंबईच्या वाटेला लागला होता त्याच आवाजात तो फुटपाथवर परत आला, हे योगायोगानं झालं असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं घडवणाऱ्यांत दोन गोवेकर होते, त्यांच्याबद्दल थोडं. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदाची मांडणी लिहून देत. चाल पेटीवर जमली की तिला व्हायोलिनचा भरणा कुठे, पितळी वाद्यं कुठे, हे नोटेशनच्या कागदावर उतरायचं ते त्यांच्या हातानं. दत्ताराम वाडकरांकडे ताल. त्यांचा ठेका इतका ओळखीचा झाला की वादक मंडळी त्याला 'दत्तू ठेका' म्हणू लागली. आर. के.नंच त्यांना 'अब दिल्ली दूर नहीं'मध्ये (१९५७) स्वतंत्र संगीतकार केलं.

'जागते रहो' (१९५६) हा नर्गिसचा आर. के.मधला शेवटचा चित्रपट. शंभू मित्रा आणि अमित मैत्रा यांचं दिग्दर्शन, संगीत सलील चौधुरींचं. रात्रभर पाण्यासाठी वणवण करणाऱ्या खेडूताला पहाटे एक बाई ओंजळीत पाणी घालते. ती नर्गिस. पूर्ण चित्रपटात तिचं एवढंच काम, मागे भूपाळीच्या वळणाचं गाणं. दोघांत प्रेमाचा शब्दही नाही. 'बरसात'मध्ये सुरामागे धावत आलेली बाई इथे सूर संपताना पाणी देऊन निघून जाते. पुढे ती मेहबूबच्या 'मदर इंडिया'त गेली आणि आर. के.च्या चिन्हातली तरुणी तेवढी तिथे राहिली.

त्यानंतरचा मोठा टप्पा 'संगम' (१९६४). आर. के.चा पहिला रंगीत चित्रपट, युरोपात चित्रित झालेला, दोन मध्यंतरांचा. यातही गाणी कामाला जुंपलेली आहेत, पण काम वेगळं. गोपाळ राधेला प्रेमपत्र लिहितो, ते गाणं होतं. पुढे तेच बिनसहीचं पत्र राधेच्या नवऱ्याच्या हाती पडतं आणि संशयाला सुरुवात होते. गाण्यात लिहिलेली वस्तू पुढे पुरावा होते, ही कल्पना आजही चलाख वाटते. 'दोस्त दोस्त ना रहा' तर अख्खा खटलाच. राज कपूर पियानोवर, समोर बायको आणि मित्र, दोघांच्या माना खाली. पण खरं सांगायचं तर 'संगम'मध्ये स्वित्झर्लंड आणि पॅरिस पाहण्याची हौस गाण्यांहून जास्त बोलते. चेंबूरच्या मांडवात केलेला पाऊस जास्त ओला होता.

शैलेंद्र १९६६ साली गेला, १४ डिसेंबरला, राज कपूरच्या वाढदिवशीच. 'मेरा नाम जोकर' (१९७०) सहा वर्षं तयार होत राहिला आणि पडला. संस्था कर्जात बुडाली. पाठोपाठ १९७१ मध्ये जयकिशन गेला. एका खोलीत बसणारी ती बैठक मोडली.

आता ते रेनकोटातलं पोर. १९७३ साली 'बॉबी'त ऋषी कपूर नायक झाला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलालचं. जुन्या माणसांना वाटलं, आर. के.चं गाणं संपलं. पण दार उघडल्यावर पिठानं माखलेला हात केसांना लावणारी डिंपल पाहा. नर्गिसच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती भजी तळत होती आणि पिठाचा हात तिनं असाच केसांना लावला होता, हे राज कपूरनंच सांगून ठेवलंय. पंचवीस वर्षांपूर्वीची पहिली भेट त्यानं मुलाच्या हाती दिली. गाण्यांचा धडाही तोच. मला काही सांगायचंय, नाही आधी मला, अशा तूतूमीमीवर एक अख्खं गाणं बेतलंय. कबुली लांबत जाते आणि त्या लांबण्यातच प्रेम दिसतं. बॉबीच्या वडिलांच्या, ब्रागांझाच्या घरातलं नाचगाणं आलंय ते 'हांव सायबा पलतडी वयतां' या गोव्यातल्या दुलपदाच्या चालीवरून. पैलतीरावर जायला होडीवाल्याला विनवणारं ते कोकणी गाणं इथे श्रीमंतीला नकार देणारं झालं. गोव्यातल्या मंडळींनी ते थिएटरात ओळखलं तेव्हा काय वाटलं असेल, याची कल्पना करावी.

पुढचं भराभर. 'सत्यम शिवम सुंदरम'चं बरंच चित्रीकरण पुण्याजवळ लोणीला, राज कपूरच्या शेतावर. 'प्रेम रोग'मध्ये (१९८२) पद्मिनी कोल्हापुरे आणि सुरेश वाडकरांचा आवाज. विधवेच्या पुनर्विवाहाची गोष्ट, आणि या काळातल्या चित्रपटांत तीच एक मला मनापासून आवडते. 'राम तेरी गंगा मैली' (१९८५) खूप चालला. त्यातल्या भिजण्याबद्दल मात्र इथे न बोललेलं बरं. छत्री होती तोवर पाऊस शोभला. १९८८ च्या २ जूनला राज कपूर गेले. मुलांनी 'हिना' पुरा केला, आणखी दोन काढले, आणि १९९९ नंतर संस्थेनं चित्रपट काढला नाही.

स्टुडिओ मालिकांना आणि रिअॅलिटी शोंना भाड्यानं जाऊ लागला. तिथला गणपती मात्र दरवर्षी बसत होता. विसर्जनाला चेंबूर रस्त्यावर उतरायचं, आणि मिरवणुकीत पुढे ढोल-ताशात भिजलेले कपूर दिसायचे. १६ सप्टेंबर २०१७ रोजी एका कार्यक्रमाच्या सेटवर आग लागली. जपून ठेवलेले पोशाख, 'जोकर'चा मुखवटा, नर्गिसच्या वापरातल्या वस्तू, बरंच काही गेलं. २०१८ चा गणपती तिथला अखेरचा ठरला. पुढच्या वर्षी जागा गोदरेज प्रॉपर्टीजनं घेतली. आता तिथे राहायच्या इमारती आहेत.

चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह मात्र आगीत गेल्या नाहीत. एकवीस चित्रपटांचे डबे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. फिल्मचा सगळ्यात मोठा शत्रू ओल. दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते, रसायन सुटतं, व्हिनेगरसारखा वास यायला लागतो. म्हणून ती थंड आणि कोरड्या खोलीत, हवेतली वाफ मोजून मापून ठेवावी लागते. 'श्री ४२०'मधला तो पाऊस, छत्री आणि रेनकोटातली तीन पोरं अशा एका खोलीत आहेत, जिथे कुणी ओल्या पायानं आत गेलेलंही चालत नाही.